हॉट टॉडी, डॉक्टर टॉड आणि आपली ताडी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या पेयांवर आलेला मजकूर वाचला. नागपुरात पारा दहाच्या खाली उतरला की सुंठ-गुळाच्या काढ्यापासून टोमॅटोच्या सारापर्यंत काय काय घ्यावे, याची माहिती त्यात चांगली दिली आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल. ‘हॉट टॉडी’ या पेयाचे नाव डॉ. रॉबर्ट बेंटली टॉड या आयरिश डॉक्टरांवरून पडले, कारण ते आपल्या रुग्णांना ब्रँडी, दालचिनी आणि साखर घातलेले गरम पाणी देत असत, असे त्या चौकटीत ठामपणे छापले आहे. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. आणि ती खरी नाही हे दाखवायला भाषाशास्त्राचे ज्ञानही लागत नाही, शाळेतली वजाबाकी पुरते.

डॉ. टॉड यांचा जन्म १८०९ साली डब्लिनला झाला आणि १८६० साली ते वारले. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचा पहिला काव्यसंग्रह निघाला १७८६ साली, आणि त्यातल्या ‘द होली फेअर’ या कवितेत जत्रेला जमलेली तरुण मंडळी मेजाभोवती बसून ‘टॉडी’ ढवळताना दिसतात. म्हणजे डॉक्टरसाहेब जन्माला येण्याच्या तेवीस वर्षे आधी हा शब्द छापून झाला होता, आणि तोही असा सहज वापरलेला की त्याचा अर्थ वाचकाला समजावून सांगण्याची गरज कवीला वाटली नव्हती. बारशाला नातू हजर होता म्हणून आजोबांचे नाव त्याच्यावरून ठेवले, असे कोणी सांगितले तर आपण हसू. इथे मात्र नावापुढे ‘डॉक्टर’ ही पदवी असल्यामुळे आपण मान डोलावतो.

डॉ. टॉड यांच्यावर माझा राग नाही, हेही नोंदवतो. ते मोठे वैद्य होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, आणि फेफऱ्याच्या झटक्यानंतर हातापायांत काही काळ जो लुळेपणा येतो त्याला आपल्या शहरातले मेंदूविकारतज्ज्ञही ‘टॉड्स पॅरालिसिस’ असेच म्हणतात. तापाच्या रुग्णाला ब्रँडी देण्याबद्दल ते त्या काळी खरोखरच प्रसिद्ध होते, आणि घोळ तिथेच झाला असावा. आडनाव टॉड, औषध ब्रँडी आणि पेयाचे नाव टॉडी; एवढे जुळल्यावर तारीख बघायला कोण थांबतो? माझ्या पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याने मोबाइल पुढे करून ‘काका, इथंही असंच लिहिलं आहे’ असे दाखवले. एकच चूक शंभर ठिकाणी उतरवली गेली म्हणून तिचे शंभर पुरावे होत नाहीत, हे त्याला पटवायला मला दोन कप चहा लागला.

शब्दाचे खरे मूळ आपल्या पायाशीच आहे. ‘टॉडी’ म्हणजे ताडी. संस्कृतात ताल, प्राकृतात आणि मग मराठी-हिंदीत ताड, आणि त्या झाडाचा रस ती ताडी. ईस्ट इंडिया कंपनीची माणसे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेला उतरली, तेव्हा किनाऱ्यावर त्यांना जी पहिली स्वस्त आणि मुबलक दारू मिळाली ती हीच होती. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही टॉडीची नोंद ताडीखालीच येते, आणि नंतरच्या मोठ्या इंग्रजी कोशांचेही याबाबत दुमत नाही.

‘ताडी’चे ‘टॉडी’ झाले कसे, हा या प्रकरणातला मला सर्वांत रुचणारा भाग आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. ‘डबा’तला ड आणि ‘ताडी’तला ड आपण एकाच अक्षराने लिहितो, परंतु जीभ दोन्हीकडे सारखी वागत नाही. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ड उच्चारताना जिभेचे टोक टाळूला नुसते चाटून खाली येते. हिंदीने त्यासाठी अक्षराखाली नुक्ता दिला, आपण दिला नाही, एवढाच फरक. इंग्रजांच्या कानाला हा ध्वनी नवा होता, त्यामुळे कोणाला तो र वाटला आणि कोणाला ड. सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत आणि पत्रांत हा शब्द कधी ‘टारी’सारखा लिहिलेला आढळतो, कधी ‘टॅडी’सारखा, आणि पुढे ड जिंकला. साडीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे झाले. ‘साडी’ आणि ‘ताडी’ हे शब्द आपल्या कानाला यमकात बसणारे. पण इंग्रजीत एकीची ‘सारी’ झाली आणि दुसरीची ‘टॉडी’. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ खडकीला लढाई झाली तिला इंग्रजी इतिहासात ‘किरकी’ची लढाई म्हणतात, तेही याच ड आणि र च्या गोंधळातून. फारसी दप्तरांतून त्यांच्यापर्यंत पोहोचलेले आपले वऱ्हाड ‘बेरार’ झाले, त्यातही वऱ्हाडच्या शेवटी असलेल्या ड चा र झालेला आहे. त्याच १८१७ च्या नोव्हेंबरात दुसरी लढाई आपल्या सीताबर्डीवर झाली, आणि बर्डीची ‘बल्डी’ तर आपण रोज इंग्रजी पाट्यांवर वाचतो.

राहिला आ आणि ऑ यांचा प्रश्न. त्याला एक घरगुती साक्षीदार आहे. आपल्या ‘खाटे’ला इंग्रजांनी ‘कॉट’ केले, अगदी ज्या रीतीने ताडीला टॉडी केले त्याच रीतीने. पुढे ती कॉट रुग्णालयांतून आणि फर्निचरच्या दुकानांतून परत आपल्या घरी आली, आणि आज आजोबा खाटेवर झोपतात तर नातू कॉटवर, मग भले दोघांच्या अंगाखाली एकच पलंग का असेना. टॉडीचेही हेच झाले. अंगणातून बाहेर पडलेली ताडी साता समुद्रांपलीकडे जाऊन आली आणि आता काचेच्या पेल्यात, लिंबाची चकती लावून, विलायती म्हणून आपल्यापुढे ठेवली जाते. मध्येच कोणी तरी तिला डॉक्टरांचे आडनाव चिकटवून दिले, इतकेच.

या विषयात लुडबूड करण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. मी भाषेचा अभ्यासक नाही. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात दारूच्या परवान्यांची आणि जप्त मालाची कागदपत्रे सांभाळण्यात माझी नोकरी गेली. आमच्या जुन्या नोंदवह्यांचे रकाने इंग्रजीत छापलेले असत आणि त्यांतल्या एका रकान्याच्या डोक्यावर ‘टॉडी’ असे लिहिलेले असे. पुढे शासनाचा कारभार मराठीत आला तेव्हा नव्या वहीत मी त्याच रकान्यावर माझ्या हाताने ‘ताडी’ असे लिहिले. वरिष्ठांनी ती वही पाहून ‘हा शब्द बोलीतला वाटतो, टॉडीच राहू द्या’ असा शेरा मारला, आणि मी आज्ञाधारकपणे ‘ताडी’ खोडून ‘टॉडी’ केले. त्या खोडलेल्या शब्दाबद्दलची हळहळ या पत्रामागे थोडीफार आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची इंग्रजी प्रत तेव्हा माझ्या टेबलावर कायम उघडी असे. त्यात नारळ, ताड, शिंदी किंवा कोणत्याही जातीच्या ताडवर्गीय झाडाचा रस आंबला की ती टॉडी आणि आंबला नाही की ती नीरा, असा भेद केला आहे. गंमत म्हणजे या व्याख्येत ताडाच्या झाडासाठी जो इंग्रजी शब्द आहे तो ‘ब्रॅब’ असा आहे. तोही मूळचा इंग्रजी नव्हे. पोर्तुगीजांनी ताडाला ‘पाल्मेरा ब्रावा’, म्हणजे रानटी माड, असे नाव दिले होते आणि त्यातल्या ‘ब्रावा’चे इंग्रजांनी ‘ब्रॅब’ केले. आपल्या कायद्याच्या एका ओळीत झाडाला पोर्तुगीज नाव, त्याच्या रसाला मराठी-हिंदी नाव आणि दोन्हींवर इंग्रजी पेहराव, असा हा सगळा संसार आहे.

ताडी आणि नीरा यांतला फरक मी कायद्यात वाचण्याच्या कितीतरी आधी मामाच्या गावी पाहिला होता. गाव सिरोंच्याच्या बाजूचे, प्राणहितेच्या काठाकडचे, जिथे मराठी बोलता बोलता तेलुगू कधी सुरू होते ते कळत नाही. पहाटे ताडी काढणारा माणूस कमरेभोवती आणि खोडाभोवती दोराचा वेढा घेऊन वर चढायचा, फुलोऱ्याच्या बांधून ठेवलेल्या टोकाचा पातळ काप रोजच्यासारखा कोयत्याने काढायचा आणि रात्रभर थेंब थेंब भरलेले मडके उतरवून दुसरे लटकवायचा. ज्या मडक्याला आतून चुन्याचा हात दिलेला असे त्यातला रस आम्हा मुलांना मिळे; तो गोड असायचा, थोडा चुनखट, आणि त्याच्यावर हमखास दोनचार मधमाश्या तरंगत असायच्या. बिनचुन्याच्या मडक्याला मात्र हात लावायची बंदी होती. कान जवळ नेला की आत बारीक चुरचुर ऐकू यायची आणि तोंडाशी पांढरा फेस जमलेला दिसायचा. हवेतले आणि मडक्याच्या अंगाला चिकटून राहिलेले यीस्ट त्या साखरेवर झाडावर असतानाच काम सुरू करते. चुना ते रोखून धरतो, आणि तो नसेल तर काही तासांतच रसात चारेक टक्के मद्यार्क तयार होतो. संध्याकाळपर्यंत ती ताडी चांगलीच चढती होते, आणि नंतर आंबट होत होत सिरक्याकडे झुकते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, नेमकी हीच गोष्ट एका इंग्रज पाद्र्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. १६१५ ते १६१९ या काळात जहांगीरच्या दरबारी वकील म्हणून राहिलेल्या सर थॉमस रो यांच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याचे प्रवासवर्णन १६५५ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाले. ताडीचे नाव घेऊन तो सांगतो की, सूर्य उगवण्याआधी घेतली तर ही उत्तम पांढऱ्या वाइनसारखी लागते, पण दिवसाच्या उन्हापर्यंत ठेवली तर ती डोक्यात जाते, चवीला उतरते आणि प्रकृतीला बाधते. माझ्या मामीनेही बिनचुन्याच्या मडक्याबद्दल आम्हाला जवळजवळ हेच सांगितले होते. टेरीचे पुस्तक निघाले तेव्हा डॉ. टॉड यांच्या जन्माला दीडशे वर्षांहून अधिक काळ होता.

आता एक रास्त शंका. ताडाच्या रसाला इंग्रज टॉडी म्हणत, हे मान्य. पण व्हिस्की, गरम पाणी, साखर आणि लिंबू यांच्या मिश्रणात ताडाचा एक थेंबही नसतो, मग त्याला तेच नाव कसे मिळाले? एडिंबरोच्या अभिमानी लोकांचे याला वेगळे उत्तर आहे. त्या शहराला पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांपैकी एकाचे नाव ‘टॉड्स वेल’ असे होते. स्कॉट बोलीत ‘टॉड’ म्हणजे कोल्हा, म्हणजे ही कोल्ह्याची विहीर झाली. ॲलन रॅम्से या कवीने १७२१ च्या एका कवितेत किटलीत भरलेल्या त्या झऱ्याच्या पाण्याचा उल्लेख केला आहे, आणि त्यावरून पेयाचे नाव त्या पाण्यावरून पडले असे काही जण सांगत आले. इथे नुसती वजाबाकी पुरत नाही, कारण गरम टॉडीचे उल्लेख या कवितेनंतरचे आहेत. तरीही मला हे उत्तर पटत नाही. त्या झऱ्याच्या पाण्यावर एडिंबरोतला चहाही होत असे आणि वरणही शिजत असणार. मग नाव एकट्या व्हिस्कीच्या पेल्यालाच का लागावे? उलट ‘टॉडी’ हा शब्द पेयाच्या अर्थाने तोपर्यंत शंभर वर्षे इंग्रजीत रुळलेला होता, आणि कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसांचा भरणा मोठा होता. हिंदुस्थानात पाहिलेल्या स्वस्त मादक पेयाचे नाव त्यांनी घरच्या थंडीतल्या पेल्याला दिले, यात मला नवल वाटत नाही. आपणही कोणत्याही वनस्पती तुपाला एका कारखान्याच्या मालाचे नाव देऊन ‘डालडा’ म्हणतच होतो.

सगळ्या विलायती शब्दांची मुळे खणून ती आपल्याच अंगणात सापडवण्याची हौस मला आहे, असा मात्र कृपया कोणी समज करून घेऊ नये. तो रोग डॉक्टर टॉडच्या गोष्टीइतकाच वाईट. ‘पंच’ या पेयाचे उदाहरण घ्या. दारू, पाणी, साखर, लिंबू आणि मसाला असे पाच जिन्नस त्यात पडतात म्हणून ‘पाच’ यावरून ‘पंच’, असे आपल्याकडे बेधडक सांगितले जाते. जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टरने १६९८ च्या आपल्या पुस्तकात तसे लिहिले आहे, हे खरे. परंतु हा शब्द इंग्रजीत १६३२ सालापासून आढळतो, जिनसांची संख्या पाचच असे असा काही नेम नव्हता, आणि दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्याचाच हा तुकडा असावा असा दुसरा पक्षही आहे. शिवाय खाटेची कॉट आणि ताडीची टॉडी करणाऱ्या कानाने पाचचे ‘पॉन्च’ केले असते. फ्रायरने स्वतः ते तसेच काहीसे लिहिलेले आहे. तेव्हा ताडीवर मी सही करतो, पंचवर करत नाही. उलट दिशेचा दाखला आपल्या घरातच आहे. ओव्याच्या अर्कातला ‘अर्क’ दिसायला अस्सल संस्कृत. संस्कृतात त्या रूपाचा शब्द आहेही, त्याचा अर्थ सूर्य आणि रुईचे झाड. पण बाटलीतला हा अर्क अरबी ‘अरक’वरून आला, ज्याचा मूळ अर्थ घाम; भट्टीवर वाफेचे थेंब जमतात ते घामासारखेच. याच अरकाचा इंग्रजीत ‘ॲरक’ झाला. एखाद्या वात्रट पोराला आपण ‘भलता अर्क आहे’ म्हणतो तेव्हा नकळत अरबी भट्टीतूनच त्याला काढत असतो.

नागपूरकरांच्या हे लक्षात का आले नाही, याचेही कारण असावे. आमच्याकडे दारूचा विषय निघाला की डोळ्यांपुढे मोह येतो, ताड नव्हे. ताडी ही कोकणाची, नाही तर गोदावरीकाठची, असे आपण धरून चालतो. पूर्वी शिंदीची झाडे इकडेही ओढ्याकाठी भरपूर होती आणि शिंदी पिणाराही होता. शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक शिंदीच समजतात, अशा अर्थाची म्हण आपल्या तोंडी उगाच आलेली नाही. वर्ध्याला जाताना गाडी सिंदी स्टेशनात शिरली की या नावाचे नाते त्या झाडाशी जोडण्याचा आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात असे नाव, म्हणून शेजारच्या प्रवाशाला हसवण्याचा मोह मला दर वेळी होतो. पण हातात नुसता आवाजाचा सारखेपणा असल्याने तो मी आवरतो, कारण आवरला नाही तर आपल्या चौकटीच्या लेखकात आणि माझ्यात फरक काय राहिला?

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. येत्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘टॉडी हा शब्द ताडी या शब्दावरून आला असून डॉ. टॉड यांच्या जन्मापूर्वीपासून तो इंग्रजीत होता’ एवढी एक ओळ छापावी. आणि चौकटीसोबत जे चित्र दिले आहे, त्यात गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले डॉक्टर वाफाळता पेला पुढे करताना दिसतात, त्यांच्या जागी शक्य झाल्यास ताडाचे झाड आणि त्याला लटकलेले मडके द्यावे. मडके काढताना चित्रकाराने तोंडाशी थोडा फेस दाखवला, तर ती नीरा नसून ताडीच आहे हे जाणकारांना कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक
महाल, नागपूर